दार क्रमांक ६८८१

मराठी मध्यमवर्गीय घरात देवाला, फ्रिजला आणि टीव्हीला ठरलेली जागा असते, राउटरला नसते. वायर जिथे संपते तिथे तो राहतो. नेट जोडायला आलेल्या मुलाने ‘कुठे लावू?’ म्हणून विचारलं, तेव्हा जे कोणी दारात उभं होतं त्याने घाईघाईत दाखवलेली ती जागा असते: शोकेसवर, चपलांच्या कपाटामागे, नाहीतर मीटरच्या बॉक्सखाली. पुढे दोन-तीन वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. नेट अडलं की कुणीतरी बटण बंद करतं, मनात दहा आकडे मोजतं आणि परत चालू करतं. याच डबीत फायरवॉल नावाचं एक प्रकरण मुक्कामाला आहे आणि ते दिवसरात्र अनोळखी लोकांना हाकलत बसलेलं असतं, याचा घरच्यांना पत्ता नसतो. तो लागतो एका विशिष्ट माणसामुळे.

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. वय सोळा ते शहात्तर, शिक्षणाची अट नाही. फक्त ‘नेटचा स्पीड’ हा विषय निघाला की त्याच्या हातातला चहा निवला पाहिजे. त्याने एखादी जाडजूड फाइल टॉरेंटवर लावलेली असते. प्लॅन असतो शंभर एमबीपीएसचा आणि पडद्यावर वेग दिसत असतो चाळीस केबी. फाइल पूर्ण व्हायला लागणारा वेळ प्रोग्रॅम आधी ‘दोन दिवस’ दाखवतो, मग ‘पाच आठवडे’, आणि शेवटी अनंताचं चिन्ह काढून मोकळा होतो.

पहिला संशय अर्थातच कंपनीवर. शंभराचे पैसे घेतात आणि देतात किती? इथे आठाचा पाढा आडवा येतो. कंपनी वेग विकते बिटमध्ये, डाउनलोडचा प्रोग्रॅम तो दाखवतो बाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे शंभराचा प्लॅन अगदी पुरेपूर मिळाला तरी पडद्यावर साडेबाराच दिसणार. हे समजावून सांगितलं, की बँकेत जन्मभर व्याज मोजलेला माणूसही विचारतो, ‘‘मग मधले साडेसत्त्याऐंशी गेले कुठे?’’ ते कुठेच गेलेले नसतात. पण साडेबारा एमबी आणि चाळीस केबी यांतही तीनशे पटींचा फरक उरतोच. तेव्हा दुसरा संशयित शोधावा लागतो, आणि कुणीतरी कानात सांगतं: फायरवॉल अडवतेय.

हा आरोप पूर्ण खरा नाही, पूर्ण खोटाही नाही.

एरवी फाइल उतरवायची म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे मागायची आणि त्याने ती द्यायची. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या बॉस्टनमध्ये शिकणाऱ्या पोराने ‘नॅपस्टर’ काढलं आणि गाणी एकमेकांच्या संगणकांवरून थेट घ्यायची सवय जगाला लागली. कुणाकडे काय आहे याची यादी मात्र नॅपस्टरच्या स्वतःच्या संगणकांवर असे. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ च्या जुलैत ते दुकान बंद पडलं. त्याच जुलैत ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरने ‘बिटटॉरेंट’ लोकांपुढे ठेवलं. त्याची युक्ती वेगळी होती. फाइलचे बारीक तुकडे करायचे आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला असेल त्याने तो लगेच दुसऱ्याला द्यायला लागायचं. जो तुकडा सगळ्यांत कमी लोकांकडे आहे तो आधी मागायचा, म्हणजे दुर्मीळ काही राहायलाच नको. आणि देण्याघेण्याचा हिशेब रोखठोक: दर दहा सेकंदांनी प्रोग्रॅम बघतो, की आपल्याला सगळ्यांत जास्त कोण देतंय, आणि त्यांनाच तुकडे पुरवतो. बाकीच्यांना हात आखडता. फक्त दर तीस सेकंदांनी एखाद्या उपऱ्याला उगीचच संधी देऊन बघतो. न जाणो, माणूस चांगला निघायचा. औदार्यासाठी राखून ठेवलेली इतकी नेमकी वेळ दुसऱ्या कुठल्या व्यवहारात सापडणार नाही.

आता या सगळ्या देवघेवीत एक अट दडलेली आहे. ब्राझीलमधल्या किंवा पोलंडमधल्या कुणा अनोळखी संगणकाने आपल्या घरातल्या संगणकाला आपणहून हाक मारली पाहिजे आणि आपल्या संगणकाला ती ऐकू आली पाहिजे. राउटरमधल्या फायरवॉलचं काम नेमकं याच्या उलट. न बोलावता आलेल्या कुणालाही आत घ्यायचं नाही, एवढं एकच कलम तिला पाठ असतं.

ही भानगड कळायला चाळीतला पी.पी. फोन आठवावा. एका बिऱ्हाडात फोन, आणि उरलेल्या बारा बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर, पुढे ‘पी.पी.’ असं लिहिलेलं. बाहेर फोन करायला अडचण नव्हती. फोनवाल्या मामींकडे जायचं, नंबर फिरवायचा, ‘‘पाच मिनिटांत त्यांचा उलटा फोन येईल, मला हाक मारा’’ असं सांगून ठेवायचं. फोन आला की मामी हाक मारत. पण कुणी परक्याने अचानक फोन करून ‘‘जरा कुलकर्ण्यांना बोलवा’’ म्हटलं की पंचाईत. चाळीत कुलकर्णी तीन. मामी ‘‘राँग नंबर’’ म्हणून फोन ठेवत, आणि त्यांचंही चूक नसे.

घरातल्या राउटरचं तंतोतंत हेच आहे. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता माहीत. आत लॅपटॉप, चार मोबाइल, टीव्ही अशी बिऱ्हाडं, प्रत्येकाचा ‘१९२.१६८’ ने सुरू होणारा घरगुती नंबर. आतून कुणी बाहेर काही मागितलं तर राउटर ते ध्यानात ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच्याकडे पोहोचवतो. बाहेरून आपणहून आलेली हाक कुणासाठी आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो ती टाकून देतो. ही सोय १९९४ मध्ये कागदावर मांडली गेली तेव्हा मांडणाऱ्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, की हा अल्पकाळासाठीचा तोडगा आहे. इंटरनेटचे जुने पत्ते मोजून ४२९ कोटींच्या आसपास; ते संपणार हे दिसतच होतं. जागतिक साठ्यातले शेवटचे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. अल्पकाळाचा तोडगा अजून प्रत्येक घरात शोकेसवर बसून दिवे मिचकावतोय.

यावर उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. प्रत्येक पत्त्याला ६५,५३५ पर्यंत क्रमांकांचे पोर्ट असतात. फोनशेजारच्या भिंतीवर चिठ्ठी चिकटवायची, की अमुक क्रमांक सांगून कुणी विचारलं तर मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला हाक मारा. झालं. जुन्या बिटटॉरेंटचे नेहमीचे क्रमांक ६८८१ ते ६८८९. ते इतके प्रसिद्ध झाले, की अडवणाऱ्या कंपन्यांनी आधी त्यांनाच गाठलं. म्हणून जाणकार ४९,१५२ च्या वरचा एखादा मोकळा क्रमांक निवडायला सांगतात. आपला गृहस्थ ५१८१३ निवडतो. कारण विचारलं तर ‘‘असाच’’ म्हणतो. बेरीज करून बघावी, नऊ येते. स्कूटरच्या नंबरचीही येते.

चिठ्ठी न चिकटवता टॉरेंट चालत नाही असं मात्र नाही. आपला संगणक बाहेर हाका मारूच शकतो आणि ज्यांची दारं उघडी आहेत त्यांच्याकडून तुकडे घेऊ शकतो. अडचण होते ती दोघांचीही दारं बंद असली की. हजारो लोक जमलेल्या फाइलला त्याने फारसा फरक पडत नाही. पाच-सहा जणांतच चाललेल्या फाइलला पडतो. २००२ मध्ये आलेल्या ‘ईम्यूल’ या प्रोग्रॅमने तर हा भेद उघडपणे मांडला होता. ज्याला बाहेरून हाक पोहोचते त्याला ‘हाय आयडी’, ज्याला पोहोचत नाही त्याला ‘लो आयडी’, आणि दोन लो आयडींचा एकमेकांशी थेट व्यवहार होऊ शकत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आपल्या नावापुढे ‘लो’ लागलेलं पाहून कित्येकांनी रात्रीचं जेवण सोडलं असेल. नोकरीत बढती मिळाली नाही तर चालेल, पण सकाळपर्यंत ‘हाय’ झालंच पाहिजे.

तर गृहस्थ राउटरच्या पोटात शिरायचं ठरवतो. पत्ता १९२.१६८.१.१, नाहीतर ०.१. नाव आणि पासवर्ड डबीच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. तो वाचायला डबी उलटी करावी लागते, आणि ती उलटी करताना वायर निसटून घरादाराचं नेट जातं. आतल्या खोलीतून मीटिंगमधला मुलगा ओरडतो. इथपर्यंतचा विधी सगळ्या घरांत सारखाच. पुढे प्रत्येक कंपनीचा मेनू वेगळा. कुणी त्याला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतं, कुणी ‘व्हर्च्युअल सर्व्हर’. लिंक्सिसच्या जुन्या राउटरमध्ये तर हे सगळं ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड गेमिंग’ या मथळ्याखाली होतं. त्यामुळे बापाने पोराच्या खेळांना नावं ठेवत तो मथळा ओलांडून जावं आणि हवी ती गोष्ट नेमकी तिथेच असावी, असं व्हायचं.

सापडलेल्या पानावर चार रकाने. बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतल्या संगणकाचा नंबर, आणि टीसीपी की यूडीपी. शेवटच्याचं उत्तर ‘दोन्ही’. हे एक उत्तर सगळ्यांचं बरोबर येतं, कारण शंका असली की ‘दोन्ही’ म्हणायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मग सेव्ह. राउटर पुन्हा सुरू होतो, मीटिंगमधला मुलगा पुन्हा ओरडतो, आणि गृहस्थ पोर्ट तपासणाऱ्या साइटवर जाऊन बघतो. ‘बंद.’

बंदच असणार. तपासताना गोंधळ नको म्हणून त्याने टॉरेंटचा प्रोग्रॅम आधी बंद केलेला असतो. उचलणारं कुणी नसेल तर दार उघडं असूनही ते बंदच दिसतं. ही गोष्ट लक्षात येईपर्यंत तो आणखी तीन पोर्ट उघडून बसतो.

प्रोग्रॅम चालू केला, ‘उघडा’ असं हिरव्या अक्षरांत आलं, घरात आनंदीआनंद. आपल्या घराचं काय उघडं पडलंय हे विचारायचं धैर्य कुणाला होत नाही. दुसऱ्या दिवशी वेग पुन्हा चाळीस केबी. कारण राउटर घरातल्या यंत्रांना नंबर देतो ते कायमचे देत नाही. डीएचसीपी नावाच्या पद्धतीने काही वेळापुरते देतो. काल लॅपटॉपला दिलेला नंबर आज सुनेच्या मोबाइलला गेलेला असतो, आणि पोलंडहून येणारी प्रत्येक हाक आता तिच्या मोबाइलवर जाऊन आपटत असते. मोबाइल काही उत्तर देत नाही, सूनही देत नाही. लॅपटॉपचा नंबर राखून ठेवण्याची सोय राउटरमध्येच असते, बहुधा तीन मेनू सोडून पलीकडे. ती सापडली की अर्धी लढाई संपते.

उरलेली अर्धी संगणकात. तिथे दुसरी फायरवॉल बसलेली असते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा विंडोजच्या एका उघड्या पोर्टमधून जगभर पसरला. बरोबर वर्षाने, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर फायरवॉल आपणहून चालू करून दिली. तेव्हापासून नवीन प्रोग्रॅम पहिल्यांदा कान देऊ लागला, की एक चौकट येऊन विचारते: परवानगी द्यायची का? भारतीय माणूस अशा चौकटीला बँकेच्या ओटीपीइतकाच घाबरतो. तो ‘कॅन्सल’ दाबतो. त्याच्या मते आपण निर्णय पुढे ढकलला. विंडोजच्या मते त्याने नकार दिला, आणि त्या प्रोग्रॅमला अडवणारे नियम तिथल्या तिथे तयार होतात. चौकट पुन्हा येत नाही. राउटरमध्ये महिनाभर खपूनही वेग न वाढलेल्या कितीतरी लोकांची अडचण एवढ्या एका बटणाची असते.

इथे लोकांचे दोन पंथ पडतात. एक शोधत राहणाऱ्यांचा. दुसरा ‘सगळंच काढून टाका’ म्हणणाऱ्यांचा. दुसऱ्या पंथाचे लोक फायरवॉल बंद करतात, किंवा राउटरमध्ये ‘डीएमझेड’ असं लष्करी नाव असलेली सोय शोधून बाहेरची प्रत्येक हाक थेट लॅपटॉपवर सोडतात. वेग वाढतो की नाही हा वेगळा प्रश्न. पाहुणे नक्की वाढतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रकरणाने घरोघरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर कामाला जुंपून अमेरिकेतल्या ‘डिन’ या कंपनीवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्सपर्यंत अनेक सेवा तासन्‌तास अडखळल्या. त्यासाठी त्याने फार डोकं चालवलं नव्हतं. कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड तो एकेक करून लावून बघत होता. चिकटपट्टीवरचा पासवर्ड तसाच ठेवून दारं सताड उघडणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तर तो म्हणतो, ‘‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’’

मधला एक मार्ग आहे, यूपीएनपी. यात टॉरेंटचा प्रोग्रॅम राउटरला परस्पर सांगून आपलं दार उघडून घेतो आणि काम झालं की लावूनही घेतो. माणसाला काहीच करावं लागत नाही. आळशी लोकांना हा मार्ग फार आवडतो. २००८ च्या ‘कॉन्फिकर’ या किड्यालाही आवडला होता, तोही याच वाटेने राउटरकडून दारं उघडून घेत असे. राउटर विचारणाऱ्याची ओळख मागत नाही, त्यामुळे नम्रपणे विचारणारा प्रत्येक जण त्याला घरचाच वाटतो.

एवढं होईपर्यंत घरातल्यांनी पुतण्याला फोन लावलेला असतो. प्रत्येक कुटुंबात एक पुतण्या हिंजवडीत नाहीतर न्यू जर्सीत असतोच. तो सगळं शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारतो, ‘‘काका, अपलोड किती ठेवलंय?’’

काकांनी अपलोड एक केबीवर ठेवलेलं असतं. आपल्या पैशांचं नेट, परक्या लोकांना कशाला?

सगळी गोम इथे आहे. जिथे देणाऱ्यालाच मिळतं तिथे काकांनी दार उघडलं, पोर्टची बेरीज नऊ केली, नंबर राखून ठेवला, आणि हात मात्र खिशात घातले. दर दहा सेकंदांनी जगभरचे संगणक काकांचा हिशेब बघतात आणि पुढच्याकडे वळतात. तीस सेकंदांनी मिळणाऱ्या धर्मादायावर काका चाळीस केबीने जगतात. ईम्यूलवाले याबाबत आणखी कडक होते: अपलोड दहा केबीच्या खाली ठेवलं तर डाउनलोड त्याच्या चौपटीवर बांधून टाकायचं, चार केबीच्या खाली गेलं तर तिपटीवर. वाद नाही, विनंती नाही.

मग काका दुसऱ्या टोकाला जातात आणि अपलोड पूर्ण मोकळं सोडतात. आता डाउनलोड आणखी मंदावतं, शिवाय घरातली प्रत्येक व्हिडिओ मीटिंग गोठते. आलेला प्रत्येक तुकडा पोहोचल्याची पावती उलट पाठवावी लागते, आणि बाहेर जाणारी वाट अपलोडनेच ठासून भरली तर त्या पावत्या तुंबतात. पावती नाही तर पुढचा माल नाही. म्हणून जुने लोक सांगतात, की अपलोडच्या खऱ्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांवर टोपण बसवा. टॉरेंटच्या प्रोग्रॅमांनीही पुढे शहाणपण दाखवलं; त्यांची ‘एलईडीबॅट’ नावाची पद्धत वाटेत उशीर वाढायला लागला की आपणहून मागे सरते. ती २०१२ च्या डिसेंबरात अधिकृत दस्तऐवजात नोंदली गेली. घरातल्या इतर कुणाला अशी पद्धत शिकवणं अजून शक्य झालेलं नाही.

पुतण्याचं ऐकून वेग सुधारतो, पण तोवर सोसायटीतले जुने जाणते जमलेले असतात. हे २००५ चे योद्धे. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरलं होतं, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सुरू झाली, त्या काळात यांचं शिक्षण झालं. रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद, अशा प्लॅनवर यांनी तारुण्य घालवलं. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ केबी. सहा तासांत जास्तीत जास्त ६७५ एमबी. सीडीवर मावणारी फाइल ७०० एमबीची. म्हणजे आठ वाजता घड्याळाचा काटा सरकला, की पंचवीस एमबी बाकी. उशीर झाला म्हणून आंघोळीआधी संगणक बंद करायला धावणाऱ्या मुलांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात वाढली आहे. एक्सपीच्या त्याच सर्व्हिस पॅकने एका वेळी अर्धवट जोडण्या दहाच असाव्यात असा निर्बंध घातला, तेव्हा विंडोजची एक अंतर्गत फाइल बदलून तो उठवणारेही हेच. निर्बंध पुढे मायक्रोसॉफ्टने स्वतःच काढला. तरी आजही कुणी ‘‘टॉरेंट स्लो आहे’’ म्हटलं, की यांच्या तोंडून पहिल्यांदा त्या फाइलचंच नाव येतं.

दर वेळी दोष घरातलाच असतो असं नाही, हेही खरं. २००७ मध्ये अमेरिकेत रॉब टोपोल्स्की नावाचा नेटवर्कचा जाणकार ‘बार्बरशॉप क्वार्टेट’ची जुनी गाणी टॉरेंटवरून वाटू बघत होता. चार पुरुषांनी वाद्यांशिवाय मिळून गायची ही गाणी इतकी जुनी, की त्यांच्यावर कुणाचा हक्कही उरला नव्हता. तरी जोडण्या तुटत होत्या. त्याने नेटवरून येणारी-जाणारी पाकिटं तपासली तेव्हा निघालं, की त्याची नेट कंपनी ‘कॉमकास्ट’ वाटेतच खोटे निरोप पाठवत होती. दोन्ही टोकांना वाटायचं, समोरच्याने फोन ठेवला. असोसिएटेड प्रेसने त्या ऑक्टोबरात बायबलची फाइल वापरून हेच तपासलं आणि तीही अडली. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीला हे थांबवायला सांगितलं. २०१० मध्ये अपील कोर्टाने तो आदेश रद्द केला. ही कथा ऐकल्यापासून आपला गृहस्थ प्रत्येक मंद रात्रीमागे कारस्थान बघतो.

आता त्याच्याकडे कारस्थानाचा भक्कम पुरावाही असतो. मधल्या काळात त्याचा बाहेरचा पत्ता बदललेला असतो; राउटरच्या पहिल्या पानावर आता तो दिसतो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला. हे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. याचा अर्थ कंपनीकडेच पत्ते कमी आहेत आणि तिने अनेक घरं मिळून एका पत्त्यामागे बसवली आहेत. या प्रकाराला सीजीनॅट म्हणतात. मामींनी ज्या फोनवर चिठ्ठी चिकटवून घेतली, तो नंबरच मुळात शेजारच्या चाळीचा पी.पी. निघाला. आपल्या राउटरमध्ये कितीही दारं उघडा, हाक त्या पलीकडच्या फोनवरच संपते आणि तिथे चिठ्ठी लावायचा अधिकार आपल्याला नाही. इतक्या दिवसांची मेहनत, नऊची बेरीज, ‘दोन्ही’, सगळं पाण्यात.

ग्राहक सेवेला फोन करून ‘‘मी सीजीनॅटच्या मागे आहे का?’’ असं विचारावं, तर पलीकडून उत्तर येतं, ‘‘सर, राउटरच्या मागे वायर नीट लागली आहे ना, एकदा बघून घ्या.’’ पाचव्या माणसाला कळतं. तो स्वतंत्र पत्त्याचा वेगळा दर सांगतो. दरमहा वेगळा. नव्या आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडाच नाही आणि भारत त्याच्या वापरात जगात आघाडीवर आहे, हे खरं. पण तिथेही राउटरची फायरवॉल बाहेरच्या हाकेला नाहीच म्हणते, आणि कंपनीने दिलेल्या कित्येक डब्यांत तिला ‘हो’ म्हणायला लावणारं पान असतंच असं नाही.

पैसे भरायची वेळ आली, की घरात कायद्याचा विषय निघतो. ‘‘हे टॉरेंट-बिरंट गुन्हा नाही ना? तीन वर्षं आत टाकतात म्हणे.’’ ही भीती २०१६ ची. अडवलेल्या साइटवर तेव्हा एक सूचना झळकायची: बघितलंत तरी तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की नुसतं बघणं हा गुन्हा नव्हे. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा. घरच्यांना हायसं वाटतं. टॉरेंटमध्ये घेता घेता वाटणं आपोआप होतंच, ही गोष्ट चहाच्या वेळी कुणी काढत नाही. म्हणून आपण काय उतरवतोय हे बघणं बरं. उबुंटू, डेबियन, लिब्रेऑफिस यांचे टॉरेंट बनवणारे स्वतःच देतात. इंटरनेट अर्काइव्ह २०१२ पासून देतं, आणि तिथे स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकंही पुष्कळ आहेत. गंमत म्हणजे अर्काइव्हच्या टॉरेंटमध्ये त्यांचे स्वतःचे संगणकही पुरवठा करतात; त्यासाठी ना पोर्ट उघडावा लागतो, ना काकांना अपलोड वाढवावं लागतं.

आपल्या गृहस्थाने उबुंटूची फाइल लावलेली असते. सुमारे सहा जीबी, देणारे शेकड्यांनी. उबुंटू त्याला वापरायची नाही. कधी वापरायचीच नव्हती. कायदेशीर आहे, मोठी आहे आणि वेग तपासायला उत्तम, एवढाच तिचा गुण. स्वतंत्र पत्ता आला, दार उघडलं, अपलोड ऐंशी टक्क्यांवर टोपण घालून सोडलं. आकडा चढत चढत अकरा एमबीवर गेला आणि नऊ-दहा मिनिटांत फाइल पूर्ण झाली. घरादाराला बोलावून तो आकडा दाखवण्यात आला. सुनेने फोटोही काढला. आता प्रोग्रॅम ‘सीडिंग’ दाखवत होता. म्हणजे ज्यांना हवंय त्यांना इथून पुरवठा सुरू होता आणि पोलंडहून येणारी हाक शेवटी योग्य लॅपटॉपवर पोहोचत होती.

‘‘आता हे ठेवणार का असंच चालू?’’ बायकोने विचारलं.

गृहस्थाने फाइल डिलीट केली आणि पुन्हा डाउनलोडला लावली. या वेळी राउटर शोकेसवरून खाली घेतला होता. बारा लागतात का ते बघायचं होतं.